लोहाराच्या थोरल्याचा कान

ती. बाबांना धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वस्तरा धरणारा हातही शाबूत आहे. एवढं आईला मोठ्यानं वाचून दाखवा, पुढचं मनात वाचा. तुमचे गुडघे कसे आहेत? दिवसभर उभं राहून कटिंग करू नका.

मंगळवारी आमच्या तुकडीवर तोफगोळे पडले. आपल्या गल्लीतले तिघे गेले. घरी पाठवण्याआधी मेलेल्यांची दाढी मीच करतो. शिंप्याच्या मुलाला पोटच उरलं नव्हतं. मास्तरांच्या जावयाचा जबडा चिंधीनं बांधावा लागला. सवयीनं त्याला म्हणालो, "मान जरा इकडे." मग बाहेर जाऊन बसलो.

तिसऱ्याला चेहराच नव्हता. ओळख पटेना, म्हणून साहेब त्याला अनोळखींच्या खड्ड्यात टाकायला निघाले होते. मी रक्त पुसलं, तर डाव्या कानाच्या पाळीचा तुकडा नव्हता, जखम जुनी. लोहाराचा थोरला. सहा वर्षांचा असताना तुमच्या खुर्चीत शिंकला आणि तुमची कात्री लागली, तोच हा कान. त्यावरून लोहारकाकू अजून दुकानासमोर उभ्या राहून तुम्हाला बोलतात, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकता.

पेटी शुक्रवारी पोचेल. काकूंना ती उघडू देऊ नका. आत माझाच मुलगा कशावरून, असं त्या विचारतील. माझ्या कात्रीवरून, असं तुम्हीच सांगा, आणि या वेळी मान खाली घालू नका.

तुमचा,
धाकटा