मुक्कामी गाडीला एक माणूस कमी

३ मार्च
माणसं मोजायला शहरातून मुलगी आली! माझ्याच पडवीत उतरलीय. तरतरीत आहे, पण शर्टाच्या बाह्या केवढ्या ढगळ! मला बघवेना, घेतल्या आत.

सरपंच येऊन सांगून गेले, ‘वहिनी, तीनशेच्या खाली भरलो तर मुक्कामी गाडी बंद.’ मी मशीन चालवत राहिले. दोरा मात्र दोनदा तुटला.

५ मार्च
अख्खं गाव खोटं बोलतंय! न्हाव्याचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेला, तो म्हणे ‘आत्ताच शेताकडे गेलाय’. शेजारच्या माझ्या जाऊबाईंनी लग्न होऊन गेलेल्या दोन्ही लेकी मोजायला सांगितल्या. मुलगी कुणालाच बधत नाही. ‘काल तुमच्या चुलीवरचं कोण जेवलं, तेवढंच सांगा.’ वाण्याने मांजराचं नाव सांगितलं! हसता हसता माझी शिवण वाकडी गेली.

६ मार्च
खरं लिहिते. इथे कोण वाचणार!

गाडी बंद म्हणजे ड्रायव्हर बंद. रोज दिवेलागणीला गाडी लावतो, माझ्यासाठी दोऱ्याची रिळं आणतो, माझ्याकडे जेवतो, दोघांची ताटं घासतो आणि झोपायला गाडीत जातो. कंडक्टर आदल्याच गावी उतरतो, तेव्हा बघायला कोणी नाही. बायको गेल्यापासून त्याचं शहरातलं घरही सुटलं. दोनदा लग्नाचं विचारलं त्याने. मी म्हटलं, या वयात? विधवा बाई मी, लोक काय म्हणतील? कुठे बोलणार नाही असा शब्दच घेतला.

मुलगी आल्यापासून डबा गाडीत पोचवतेय. एकटीला घास उतरत नाही. हॉर्न ऐकू येईना झाला तर मी काय करू?

८ मार्च
दोनशे नव्व्याण्णव! सगळे शाळेच्या पायऱ्यांवर जमले. फक्त न्हाव्याची म्हातारी आई दिसली नाही, गुडघे धरले असतील. न्हावी सोनाराच्या सुनेला म्हणाला, ‘आजच बाळंत हो बाई!’ तिला पाचवा चाललाय.

तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, ‘अहो, ड्रायव्हर रोज इथेच झोपतो की!’

‘गाडी म्हणजे घर नव्हे,’ मुलगी म्हणाली. ‘काका, तुम्ही जेवता कुठे?’

‘डबा येतो.’

‘कुणाच्या चुलीवरचा?’

तो टोपी फिरवत खाली बघत बसला. शब्द पाळतोय मेला! गाडी गेली तरी बोलायचा नाही. मी गावाकडे पाहिलं, तर जो तो आभाळाकडे बघतोय. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून — जन्मभर हेच केलं मी!

‘माझ्या!’ केवढ्यांदा ओरडले! ‘माझ्या चुलीवरचा!’

‘मग नातं काय लिहू?’

‘आज काय लिहायचं ते लिही. पुढच्या आठवड्यात नवरा लिही.’

त्याची टोपीच खाली पडली.

९ मार्च
आपण तीनशे एक आहोत! आज सकाळी न्हाव्याची आई काठी टेकत दारात उभी. जाऊबाईंनी तिला चार दिवस कोठीत लपवलं होतं, आणि सगळ्या गावाला ठाऊक! ‘ड्रायव्हरचं नाव घ्यायला तुझं तोंड उघडेना, मग एक माणूस कमी करावाच लागला!’ म्हातारी म्हणाली. ‘धान्याच्या पोत्यांवर बसून पाठ मोडली माझी. आता माझ्या उशीचे अभ्रे आधी शिव.’