ससा अन् सात्या

भादवा, शनिवारची सांज

लिहून घे सूनबाई. चष्मा कपाळावर आहे, घरभर काय शोधून राहिली?

पवनीची माझी बहीण तापातून उठली, पण जेवत नाही. सशाचं कालवण मागते. सशाच्या शिकारीले बंदी, म्हणून मी रानातल्या वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या, सात्या, कबूल केल्या. शिजल्या का मटणासारख्याच लागतात. ससा माणूस पाहून पळते. सात्या पळत नाही, पण एका दिवसात सडतात. अन् माझे पाय आता तिथवर जात नाही.

ती जागा आमच्यात लेकीलेच सांगतात, सुनेले नाही. मले लेक कुठं आहे? नाल्यापलीकडं, मोहाच्या मोठ्या झाडाखाली. पहाटेच जा. ससा दिसला तर बसू दे त्याले.

रस्सा पातळ कर, तिखट कमी टाक, अन् संगं तांदळाची भाकर पाठव.