एकटीची सभा

प्रिय आई,

फोनवर आपण रोज बोलतो. पण तो एक विषय निघाला की मी हवापाण्यावर घसरते, आणि तुम्हीही लगेच "आज भाजी काय केलीस?" वर येता. म्हणून आज पत्र.

आधी आनंदाची बातमी. व्हिसा वाढवून मिळाला, चांगला तीन वर्षांचा! देव पाण्यात घालून बसला होतात ना, आता काढा त्यांना बाहेर.

या वेळी सोपं नव्हतं. दातांच्या लॅबमध्ये कधी कॅप आणि कवळ्यांचा ढीग, कधी नुसत्या माश्या मारायच्या. म्हणून आम्ही दोघं कंपनीतून पगार बेताचाच घ्यायचो आणि वर्षअखेरीला नफ्यातून लाभांश. आता अर्ज माझ्या एकटीच्या नावाने गेला, तर व्हिसा ऑफिसचं पत्र आलं : पगार अपुरा आहे, बाकीचं उत्पन्न तुमचंच कशावरून? शेअर निम्मेनिम्मे, पण खातं दोघांचं आणि सगळ्या सह्या ह्यांच्या. मी आपली आतल्या खोलीत दातांना रंग चढवत बसलेली. कागदावर मी जवळजवळ नव्हतेच.

अकाउंटंटबाई म्हणाल्या, "घाबरू नका. तुमच्या शेअरच्या लाभांशाचे दाखले आणि बँकेत जमा झालेल्या रकमा, यांच्या जोड्या लावू." जुने दाखले त्यांच्याकडे होते. यंदाचा लाभांश मात्र जाहीर व्हायचा होता. "संचालकांची सभा घ्या आणि ठराव करा."

मी म्हटलं, "अहो, संचालक आता मी एकटीच. सभा कुणाशी घेऊ?"

त्या म्हणाल्या, "स्वतःशी. कायद्याला चालतं."

तर आई, मी सभा घेतली. दात भाजायची भट्टी निवायला ठेवली, हात धुतले आणि ह्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. अध्यक्ष मी, सूचक मी, विरोधकही मीच. ठराव मोठ्याने वाचला. आधी हसू आलं, मग रडू. हे गेल्यापासून त्या खुर्चीत बसायचा धीरच झाला नव्हता. सही केली. माझी सही एवढी ठसठशीत आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही विचारता, "आवरून कधी येतेस गं? खोली झाडून ठेवलीय." भाऊजी तर तिकीट काढायला निघालेत. अर्ज नामंजूर झाला असता तर उत्तर आपोआप मिळालं असतं. एकदोनदा तसंच होऊ दे, असं वाटलंही. पण मंजुरी हातात पडली आणि मी लॅबमध्ये टुणकन उडीच मारली. तेव्हा माझं मला कळलं. आई, मी परत येत नाही. लॅब चालवणार आहे. तुम्ही लेकीसारखं केलंत, म्हणून लेकीच्या हक्काने सांगते : रागवा, पण अबोला धरू नका. थंडी ओसरली की तुम्हीच या, चांगले चार महिने. खिडकीजवळचा पलंग तुमचा. तुमच्या मुलाने घडवलेले दात घालून हसणारी माणसं या गल्लीत मला रोज भेटतात. ती तुम्हाला दाखवायची आहेत.

वाट पाहते,
तुमचीच,
सूनबाई