टेबलाखाली स्वरा

मंगळ., १ जुलै
आज शाळेवर घोर अन्याय झाला. नोंद राहावी म्हणून लिहितो. पहिली-दुसरीच्या इंग्रजीचा संच आला. यादी : लाकडी पेटी १, चेंडू १, मांजर १. पेटी आली, चेंडू आला. मांजर नाही. आणि अख्खा धडा मांजरावर. मांजर पेटीत, मांजर पेटीवर, मांजर पेटीखाली. पावतीवर ‘संच पूर्ण मिळाला’ हे आधीच छापलेलं होतं. सही केली.
मुनीराबाई म्हणाल्या, “उंदरामागं गेलं असेल सर. येईल.” दोनच शिक्षकांची शाळा, नऊ वर्षं समोरासमोर टेबलं. ऐकून घ्यावं लागतं.
चेंडूवर भागवून पाहिलं. चेंडू पेटीवर ठरत नाही. ‘ऑन’ म्हणेपर्यंत ‘अंडर’.

शुक्र., ४ जुलै
संस्कृतात एकटी सप्तमी विभक्ती इन, ऑन, ॲट असा सगळ्यांचा संसार ओढते. इंग्रजांना प्रत्येकाची वेगळी चूल हवी. हे मुलांना सांगितलं नाही, मुनीराबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “सप्तमीला सांगा, साहेब येतायत.”
खरंच येतायत. १७ तारखेला. कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेला जोडायच्यात, त्याआधी गुणवत्ता तपासणार. आमचा पट अकरा. आमची शाळा जोडली तर मुलं हायवेपलीकडे. सहा-सात वर्षांची पोरं आणि ते कंटेनर. आईबाप गणपतीच्या कारखान्यात, रंगात कोपरापर्यंत. पोहोचवायला कोण जाणार?
साहेब दुसरीला इन-ऑन-अंडर विचारतात म्हणे. सगळ्या शाळांत तेच.

मंगळ., ८ जुलै
हमरापूरच्या बाजूला घरोघर गणपतीच्या मूर्ती घडतात, तशा आमच्या वाडीतही. मांजर नाही तर नाही, म्हणून मधल्या सुट्टीत कमलवहिनींच्या कारखान्यात गेलो. दुसरीतल्या स्वराची आई. डोळ्यांची आखणी करण्यात वाडीत त्यांच्यासारखा हात नाही.
“वहिनी, एक उंदीर द्या. शाळेला.”
“उंदीर सुटा नाय मिळत गुरुजी. गणपतीसंगंच येतो.”
“मग मांजर?”
“मांजराला कोन पुजतो?”
शेवटी वीतभर कच्ची मूर्ती दिली. कानाचा टवका उडालेली, खपणार नव्हती. मी जरा अडखळलो, म्हटलं मला ती टेबलाखाली ठेवायचीय.
“ठेवा की. माती हाय ती. आखणी नाय झाली अजून. एकदा डोळे झाले का मंग देव. मंग नाय खाली ठेवायचा.”
पाहिलं तर त्यांच्या खाटेखाली पंधरावीस कच्च्या मूर्ती, शेजारी नवऱ्याच्या चपला. डोळे झालेल्या सगळ्या वरच्या फळ्यांवर, त्यांच्यावर काही नाही. आमच्या पोथ्यांत या कामाला भटजी लागतो, मंत्र लागतात. इथं चार केसांच्या ब्रशात भागतं. दक्षिणाही वाचली.

गुरु., १० जुलै
धडा जमला. इतका जमला की शिपाई असता तर तोही शिकला असता. (शिपाई नाही.) गणपती इन द बॉक्स. ऑन द टेबल. अंडर द टेबल. स्वरा नुसती उत्तरं देत नाही, दुसऱ्यांची चुकली की कपाळाला हात लावते. आईची लेक. शाळा सुटताना सगळी ओरडत गेली, “रिक्षा ऑन द रोड! कोंबडी अंडर द रिक्षा!”
संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला घरी. हिला सांगितलं. ऐकलं, मग म्हणाली, “आणि धाटावच्या बाजूच्या शाळेचं काय झालं?”
तिथं एक जागा रिकामी आहे. घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. वाडीची शाळा जोडली तर मी अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त ठरलो तर बहुतेक तीच जागा मला. नऊ वर्षं बदली मागतोय, नऊ वर्षं गाडीच्या वेळापत्रकावर जेवतोय.
म्हटलं, बघू.

बुध., १६ जुलै
उद्या साहेब. मुलांनी व्हरांडा झाडला. तक्ते उलटे टांगले होते, सरळ केले. स्वरा मूर्ती घरी मागत होती, “गुरुजी, पुसून आनते.” नेऊ दिली. टवका झाकून ठेव म्हटलं.

गुरु., १७ जुलै
सकाळी स्वरा मूर्ती रुमालात गुंडाळून घेऊन आली. टेबलावर ठेवून रुमाल काढला.
डोळे काढले होते.
बाकी सगळी माती, आणि दोनच डोळे. आईच्या ब्रशानं, आईला न सांगता. एक किंचित मोठा. “आंधळा कसा ठेवायचा गुरुजी? साहेब येनार ना.” मी शाबास म्हटलं. पाठ थोपटली. त्या क्षणी काय झालं हे माझ्या ध्यानात आलं नाही. संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात पास झालेला माणूस मी.
साहेब साडेअकराला आले. चांगला माणूस. घाईत. अजून तीन शाळा होत्या. मूर्ती बघून खूश. “वा, स्थानिक साहित्य!”
“व्हेअर इज गणपती?”
“ऑन द टेबल!” सगळ्यांनी. छप्पर उडालं.
“गुड. नाऊ, पुट इट अंडर द टेबल.”
कुणी हललं नाही.
पुन्हा म्हणाले. हळू, मोठ्यानं. मुलं मूर्तीकडं बघतायत, मग माझ्याकडं. एका पोराने हात जोडले. मग मराठीत : “टेबलाखाली ठेव, कोण ठेवतं?” कुणी नाही.
तेव्हा स्वरा उठली. मला वाटलं, ठेवणार. ती मूर्तीला हात न लावता सरळ टेबलाखाली जाऊन बसली, मांडी घालून. आतून आवाज आला :
“आय ॲम अंडर द टेबल.”
साहेब हसले नाहीत. “बाळ, मूर्ती ठेव म्हटलं. तू नको बसूस.” घड्याळ बघितलं. लिहिलं : ‘इ. २री. इन, ऑन, अंडर : आकलन नाही. साध्या सूचना पाळता येत नाहीत.’ वही माझ्याकडं सरकवली.
सही केली.

शुक्र., १८ जुलै
गाडी चुकली. उशिरा पोचलो. डबा खाताना मुनीराबाई म्हणाल्या :
“एक वाक्य होतं सर. डोळे झाल्यावर खाली ठेवत नाहीत. संपलं.”
“तुम्ही दारातच होतात.”
“होते. मूर्तीचं मी समजावून सांगितलं असतं तर साहेबांनी वहीत आणखी काय लिहिलं असतं? ते तुमचं वाक्य होतं.”
बरोबर आहे. माझंच होतं. तोंडात तयार होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट.
मूर्ती आता कपाटावर. सगळ्यात उंच. पेटी रिकामी. चेंडू कुठं गेला माहीत नाही.

सोम., २१ जुलै
कमलवहिनी शाळेच्या दारात. हात रंगानं निळे, तशाच आलेल्या. पोरांनी सगळं सांगितलंय. मला वाटलं ब्रशाबद्दल पोरीवर चिडल्यात. तसं नाही.
“एक डोळा मोठा झालाय तिचा, पन हात चांगला हाय,” म्हणाल्या. मग, “गुरुजी, साहेब बोलला पोरीला काय येत नाय. तिला येतं ना?”
“येतं. सगळ्यांत चांगलं येतं.”
“तुमी तितंच व्हतात ना?”
“होतो.”
“मंग?”
मी तक्त्याचे कोपरे नीट करत बसलो. मग त्याच म्हणाल्या, “बरं, रंग तसाच उघडा ठेवून आलेय,” आणि गेल्या.
‘मंग’ हे एवढं लहान अव्यय. याच्यावर व्याख्यान देता येईल. उत्तर देता येत नाही.
स्वराने आज विचारलं, “मी चुकले काय गुरुजी?” नाही म्हटलं. “मंग साहेबांनी गुड का नाय म्हटलं?”
आईचाच शब्द.

बुध., २३ जुलै
पेणच्या शिक्षण कार्यालयाचं पत्र. दुसरीच्या तपासणीतल्या अभिप्रायाबद्दल मुख्याध्यापकांनी (म्हणजे मीच) शुक्रवारपर्यंत खुलासा द्यावा. न आल्यास अभिप्राय मान्य आहे असं धरून शाळा जोडण्याचा प्रस्ताव पुढं जाईल.
घरी पत्र दाखवलं. हिने दोनदा वाचलं. चहात साखर जास्त पडली होती. आनंदात तिच्या हातून पडते. “काही लिहू नका,” म्हणाली नाही. “दमता हो तुम्ही,” एवढंच म्हणाली. खरं आहे, दमतो.

गुरु., २४ जुलै
खुलासा लिहायचा तर तीन ओळींचा. आखणी झालेली मूर्ती इथं खाली ठेवत नाहीत. मुलीला शब्द येत होता, तिने तो स्वतःवर करून दाखवला. पुन्हा तपासावं ही विनंती. वाडीतल्या निम्म्या घरांचे अर्ज मी लिहिलेत. विहिरीचे, विजेचे, एकाचा तर बायकोला माहेरून परत बोलावण्याचा, आलीही ती. सकाळच्या गाडीत कोरा कागद गुडघ्यावर घेऊन बसलो. नागोठणं गेलं, कासू गेलं, पेण गेलं. हमरापूरला उतरताना कागद कोराच घडी करून खिशात.
दुपारी मुनीराबाई माझ्या टेबलावर पेन ठेवून गेल्या. पेन माझ्याकडं होतं.
मुलं हायवेवर अंडर-ऑन खेळत शाळेत जातील, असं काहीतरी विनोदी लिहायला घेतलं होतं. खोडलं.
इथं तरी नीट लिहितो. शाळा जाईल याची काळजी मला आहे, पण ती पहिली नाही. त्या दिवशी साहेबांनी वही सरकवली तेव्हा मी घाबरून गप्प बसलो असं मी आठवडाभर स्वतःला सांगतोय. घाबरलो नव्हतो. वाक्य तोंडात होतं, आणि धाटावच्या बाजूची ती शाळा डोळ्यांसमोर आली होती. स्वरा टेबलाखालून वर बघत होती आणि मला आतून बरं वाटलं होतं. पहिली काळजी ही आहे की उद्या पाचपर्यंत पेणचं कार्यालय उघडं आहे, आणि मी जाईन की नाही हे मला अजून माहीत नाही.