तास होतात का?

११ मे
या जिल्ह्यातील शालप्रथेविरुद्ध मी आज, पूर्ण शुद्धीवर असताना, तक्रार नोंदवीत आहे. डांबर वितळतंय अशा उन्हात माणसाच्या खांद्यावर लोकरीची शाल घालणे हा सत्कार नसून देहदंड आहे.

गेलो होतो बीडला, चि. मेधासाठी कॉलेज बघायला. पोरगी बारावी झाली, बी.एस्सी. करायचंय, विषय वनस्पतिशास्त्रच. शिपायाने ओळखलं, 'पेपरवाले सर आलेत' म्हणत आत पळाला. पुढे षोडशोपचार: शाल, श्रीफळ, प्राचार्यांशेजारी फोटो. नवीन इमारतीविषयी दोन शब्द छापा म्हणाले. मुलीसाठी आलोय हे तीनदा सांगितलं. त्यांनी तिलाही गुलाबाचं फूल दिलं.

परतताना एसटीत मेधा मांडीवर नारळ घेऊन बसलेली.
"बाबा, विचारलं का?"
"काय?"
"तास होतात का ते."
नाही विचारलं. ज्यांची शाल अंगावर आहे त्यांना हे कसं विचारणार?

१३ मे
रात्रीच्या जेवणात परिषद. विषय: कॉलेजात गेल्यावर काय काय विचारायचं. माझा आग्रह ग्रंथालयाचा. सौ.ला वसतिगृहात भाकरी मिळते की नुसत्या पोळ्या, आणि फाटक किती वाजता लावतात, एवढं कळलं की पुरे. मेधाचा प्रश्न एकच, वरचाच. तिचं खरं आहे. आमच्याकडे प्रवेश घ्यायचा आणि थेट परीक्षेला उगवायचं, अशी सोय कित्येक ठिकाणी आहे, आणि तिला गिऱ्हाईकही आहे. शेजारचा पवन कट्ट्यावरून म्हणाला, "काका, हजेरी लावत न्हाईत तेच कॉलेज चांगलं. उगी कावून जिवाला ताप?" हाही एक पूर्वपक्ष.

खरा वाद वेगळा. बीड शालीसकट बाद, आता अंबाजोगाई की संभाजीनगर. अंबाजोगाईला गेली तर दर शनिवारी माजलगावात, घरी. संभाजीनगरला गेली तर दिवाळीला. सौ. तटस्थ. मी वार्ताहर असल्याने तटस्थच, पण अंबाजोगाईच्या बाजूने.

१६ मे
अंबाजोगाई. या खेपेस वेषांतर. खिशाला पेन नाही, ओळखपत्र घरी, मेव्हण्याने दिलेला पोपटी टी-शर्ट. सौ. हसली ती आम्ही धारूर ओलांडेपर्यंत हसत असणार.

परिणाम अचूक. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीवरचा कारकून मान वर न करता म्हणाला, माहितीपुस्तक घ्या आन् तिकडं बसा. मी विचारलं, "तास होतात का हो?" तेव्हा त्याने मान वर केली, पोपटी टी-शर्टातल्या मला नखशिखान्त न्याहाळलं.
"तुमी पेपरवाले हाव का?"
बापाला हा प्रश्न पडू शकतो हे त्याच्या शास्त्रात नाही. लगोलग चहा आला. पाठोपाठ शाल. ही करड्या रंगाची.

तोवर मेधा गायब. सापडली पाण्याच्या टाकीपाशी, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीशी बोलत. केजकडची होती, धनगराची पोर, ओढणीने बाटल्या पुसून भरत होती. मेधाने सरळ विचारलं असावं, कारण उत्तरही सरळ होतं. "होतेत की. केमिस्ट्रीच्या मॅडम तर लई कडक, एक तास बुडवू देत न्हाईत. पण बॉटनीला सरच न्हाईत. रिटायर झाले, तवापासून जागा रिकामीच हाय. आमी आपलं आपलंच वाचतो."
मघाशी शाल घालताना इथल्या प्राचार्यांनी मला सर्व विभाग सुसज्ज असल्याचं सांगितलं होतं. खोटं नव्हे. खुर्ची, टेबल, फळा, सगळं असेल.

परतीच्या गाडीत मी शनिवारचा मुद्दा पुन्हा मांडून पाहिला. मेधा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरंय." तिचं 'बरंय' म्हणजे काय ते अजून मला कळलेलं नाही.

२० मे
संभाजीनगर, गेवराईवरून. इथे मला कुणी ओळखत नाही. अहंकाराला बरं नाही, पण खांद्यांना बरं.

वनस्पतिशास्त्राच्या बाई बागेत होत्या, हाताला माती. मेधाने विचारलं. बाई म्हणाल्या, "होतात. तू येशील का ते सांग." मग दोघी रोपांत वाकल्या त्या वाकल्याच. मी कडुनिंबाखाली विस्मरणात गेलेल्या सामानासारखा उभा. पोरीला इतकं लांबलचक बोलताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.
वसतिगृह नीट, तिथल्या बाईंनी समोर बसवून सगळं सांगितलं. पाणी आहे, फाटक वेळेत लागतं. भाकरी नाही. सौ.ला कळवलं. ती म्हणाली, भाकरीचं बघू.

गेवराईला गाडी बदलताना पाहिलं, मेधा लंगडतेय. नव्या चपलेने दोन्ही टाचा सोलून काढलेल्या, पट्ट्याला रक्त वाळलेलं. म्हणजे सकाळपासून.
"कावून सांगितलं न्हाईस गं?"
"सांगितलं असतं तर तुम्ही परत फिरला असता."
फिरलोच असतो.

२१ मे
टाचांना हळद-तूप. सौ. जरा जोरातच चोळत होती. मग माझ्याकडे न बघता, "तुमच्यावरच गेली." काविळीत मी बातम्या पाठवत बसलो होतो, त्याचा संदर्भ. खटला जुना, निकाल कायम.
मेधा मजेत आहे. अंगणातल्या रिकाम्या डब्यात कसलंसं बी लावलंय, बाईंनी दिलेलं. सांगते, "तुम्ही म्हणाल तिथं जाईन, बाबा." हे ती मनापासून म्हणते, ही खरी पंचाईत.

२४ मे
दोन्हीकडचे अर्ज भरून झाले, कोणता पुढे न्यायचा ते ठरायचंय. सौ. म्हणते, जिथं शिकवतात तिथं धाडा. मी 'बघू' म्हणालो. खरं तर संभाजीनगरच बरोबर आहे, हे मला त्या बागेतच कळलं होतं.

माझं अडलंय ते अंतरावर, भाकरीवर, फाटकावर नाही. ही पोरगी दुखलं-खुपलं तर सांगत नाही. घरी आम्हाला तिचा ताप तिच्या ताटावरून कळतो. अर्धी भाकर उरली की सौ. कपाळाला हात लावून बघते. तिथे ताप आला तर ती फोनवर 'बरंय' म्हणेल आणि मी त्यावर विश्वास ठेवीन. तिचं ताट कोण बघणार, हे वसतिगृहाच्या बाईंना विचारायचं होतं. समोर बसलो होतो, विचारलं नाही. उत्तर 'कुणी नाही' असंच येईल, मला त्याचीच भीती वाटते.