बदलीवरच्या बाया

माय, सकाळची मीटिंग संपली, दुपार झाली, तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही. डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. पंखा वाढवला, मग कमी केला, मग पुन्हा वाढवला. शेजारच्या खोलीतली बाई येऊन विचारून गेली, मॅडम, बरं नाही का? बरी आहे म्हटलं. शेवटी ठरवलं, तुलाच सांगावं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि विद्यापीठ म्हणजे काय हे तुला कधी कुणी सांगितलंच नाही. मोठी शाळा समज. तिथं मी मास्तरीण आहे, मोठमोठ्या पोरांना आकड्यांचं शास्त्र शिकवते. हसू नको. पाढे म्हणताना रडायची तीच मी.

तर झालं असं. मागच्या उन्हाळ्यापासून आमच्या विद्यापीठाचा बाहेरदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर प्रोजेक्ट चालू आहे. शेतात राबणाऱ्या बायांच्या अंगावर ऊन काय करतं ते मोजायचं. यंत्रं त्यांची, डोकं त्यांचं आणि ऊन आपलं. आम्ही काय करायचं, तर गाडी काढायची, गावात ओळख लावायची, बायांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, त्यांच्या मनगटाला घड्याळासारखा पट्टा बांधायचा आणि त्यात साठलेले नाडीचे, तापाचे आकडे तिकडे धाडून द्यायचे. त्यांचा अर्थ लावणार ते. मी एकदा चिडून आमच्या विभागप्रमुखांना म्हटलंही, सर, आपण विद्यापीठ आहोत की कुरिअरवाले? सर हसले. त्यांच्या त्या हसण्याचा मला फार राग येतो.

मागच्या आठवड्यात तिकडून निरोप आला की आसेगावकडच्या एका गावाचे आकडे भरवशाचे नाहीत. तिथं हळद काढणाऱ्या बायांची टोळी आहे, तिला आम्ही पट्टे बांधले होते. एकाच बाईची नाडी आज एक चालते अन् उद्या भलतीच. दोन्ही आकडे एका बाईचे असूच शकत नाहीत, म्हणून ते गाव गाळून टाका. गाळणं म्हणजे नुसती एक ओळ खोडणं नव्हे, माय. पुढच्या उन्हाळ्यात शेतावर सावलीची शेड, ऊन चढायच्या आत संपणारं काम, तपासणीची गाडी, हे सगळं आकड्यांत उरलेल्या गावांनाच मिळणार. या बाया उन्हातच राहणार. सर म्हणाले, "एक गाव गेलं तर काय आभाळ कोसळतं का मॅडम? प्रोजेक्ट टिकवा." मी गाडी काढली आणि गाव गाठलं.

टोळीची मुकादमीण मोठी खट बाई. सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि आकडे जुळत नाहीत एवढं म्हणताच माझ्यावर उखडली. "खोटं कायले करू व आमी? तुमच्याच माणसानं सांगतलं ना, पट्टा एक दिस रिकामा ठेवू नका मनून? नाई ठेवला. जिले बरं नसन तिच्या घरची दुसरी बाई येते, तिच्या हाताले बांधतो. जागा तिची, पट्टा तिचा." मी म्हटलं, मावशी, पट्टा त्या एका बाईचा होता. तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाप्पा! मंग काय तापात फणफणणारीच्या हाताले बांधून घरी निजवाचा व्हता? तुमाले उन्हातलंच पाह्यजे व्हतं ना?" बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं. टोळीत जागा घराची असते, बाईची नसते. एक खाटेवर पडली की दुसरी तिच्या जागेवर उभी राहते, नाहीतर पुढच्या हंगामात ती जागा दुसरं घर घेतं. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

तुझा तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काकूला ताप आहे, ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तुझंही अंग तापलेलं आहे. मी वेणी घालून घ्यायला तुझ्यापुढे बसले आहे आणि तुझ्या बोटांचा चटका मानेला लागतो आहे. मी म्हणते, "तुलेच ताप हाय, मंग तू काहून जाऊन राह्यली?" तू वेणी खसकन ओढतेस. "काहून म्हणून काय इचारते? जागा गेली तं कोन घेईन तिले टोळीत? शाळेत जाय निमूट." मग उठताना तू माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवतेस, रागावल्याची भरपाई म्हणून. दुपारी हळद शिजवायच्या कढईजवळ तू पडलीस ती उठलीच नाहीस. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, ताप. ऊन कुणी लिहिलं नाही. आणि मुकादमाच्या लेखी त्या दिवशी त्या जागेवर काकू होती. तू तिथं नव्हतीसच. मला अजून त्याची चीड येते, माय. कुणावर काढू ती?

परतीच्या वाटेवर गाडी कडेला लावून मी ते आकडे पुन्हा उघडले. जिथं नाडी एकाएकी बदलते तिथं बाई बदललेली आहे. आणि बाई बदलली म्हणजे पहिली खाटेला लागली. ज्याला ते खोट म्हणत होते तीच तर आजारपणाची खूण होती! नीट लावून पाहिलं तर ऊन चढेल तशा बदल्या वाढतात, आणि बदलीवर आलेल्या कितीतरी बायांचं अंग कामाला लागायच्या आधीच तापलेलं आहे. त्यांना घरी पडून राहायची मुभाच नव्हती. तिकडच्या शहाण्यांना हे कळणार कुठून? त्यांच्याकडे नोकरी माणसाची असते. हे सांगायला मध्ये आपलं विद्यापीठ हवं, नाहीतर आपण कशाला आहोत तिथं, चहापाण्याला?

आज सकाळी मीटिंगमध्ये मी बोलले. सर शेजारीच होते. पडद्यावर तिकडच्या प्रोजेक्टच्या मुख्य बाई, पिकल्या केसांच्या, न टोकता ऐकणाऱ्या. माझी जीभ पहिल्यांदा अडखळली, मग सुटली ती सुटलीच. म्हटलं, गाव गाळू नका, मोजायची रीत बदला. बाईचे आकडे आणि जागेचे आकडे वेगळे लावू. बदलीवरच्या बायांना आम्ही पुन्हा भेटू, सगळं समजावून सांगू, त्यांची स्वतःची परवानगी घेऊ. ज्या नको म्हणतील त्यांचे आकडे काढून टाकू. आणि हे काम इथं होईल, आमच्या विद्यापीठात, तिकडे नाही. आवरा म्हणून सरांनी टेबलाखालून माझ्या खुर्चीला पाय लावला, मी खुर्ची बाजूला सरकवली. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, हे आम्हाला दिसलंच नसतं. गाव राहिलं, माय. शेड होईल, गाडी जाईल. सर बाहेर पडताना म्हणाले, "जमवलंत हो." आणि या वेळी हसले नाहीत.

मग आनंद का होत नाही म्हणशील. ऐक. मीटिंग संपता संपता त्या बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, अशी बदलीवर गेलेली एखादी बाई दगावल्याचं तुमच्या माहितीत आहे का? या प्रोजेक्टवर आपण जो लेख छापणार त्यात तिचा उल्लेख केला तर वाचणाऱ्याला पटकन कळेल. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, नाही, माझ्या माहितीत तरी नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

तेव्हापासून मी या खोलीत येरझाऱ्या घालते आहे. तुला त्या परक्या लेखात 'एक मजूर स्त्री' म्हणून लिहिलेलं मला बघवलं नसतं, म्हणून नाही म्हटलं, असं मघापासून स्वतःला समजावते आहे. पटत नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, तेव्हा तुझ्याशी तरी कशाला लपवू? तुझं नाव तोंडातून निघालं असतं तर मला रडू फुटलं असतं, माय, आणि मला सरांच्या समोर रडायचं नव्हतं.