त्याच्या खुर्चीसाठी फिरलो ते

आबा, तुमच्याशी एकदा भांडायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नसे, आणि उघडलं तरी तुम्ही 'पुरे' म्हणालात की मिटत असे. आता मी तुमच्याही वयाच्या पुढे गेलो. गुडघे कुरकुरतात, दात गेले, पण पोटातला हेवा मात्र अजून तरणाताठा आहे. त्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही. पलीकडच्या आळीतल्या टंडेलाचा मुलगा म्हटलं की पुरे. तुम्हाला तर नुसतं 'तो' म्हटलं तरी कळायचं. 'तो आला काय?' 'त्याचं काय कळलं काय?' घरात एकुलता एक मुलगा मी, आणि बोलण्यात सदा तो.

तुम्ही बोटीवरची सारंगाची, खलाशांच्या मुकादमाची, नोकरी सोडून घरी आलात, त्या सुमाराची गोष्ट. साऱ्या मुलखांतल्या खलाशांची एक मोठी संस्था तिकडे युरोपात होती. तिनं मुंबईच्या आपल्या युनियनला कळवलं की हिंदी खलाशांसाठी एक वरचा अधिकारी नेमायला आम्ही तयार आहोत. माणूस तुमचा, खुर्ची आमची, पण पहिली काही वर्षं पगार तुम्ही भरायचा. मुंबईवाल्यांनी हात वर केले. तुम्ही मात्र पेटलात. बॉयलरपाशी माणूस उष्म्यानं कोसळला की त्याला वर आणून निजवायचं आणि त्याच्या जागी दुसरा खाली धाडायचा, हे तुम्ही जन्मभर पाहिलं होतं. 'आपला एक तरी माणूस तिथं बसूंदे,' म्हणालात आणि छत्री काखोटीला मारून वर्गणीला निघालात. नाट्यापासून जयगडापर्यंत खलाशाचं घर सोडलं नाहीत. लोकांनी तुमच्या शब्दावर दिलं. बायकांनी सुक्या मासळीच्या विक्रीतलं काढून दिलं. मी तेव्हा रत्नागिरीत मास्तर होतो, बी.ए. झालेला. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणून मुंबईला जाणारं सगळं लिखाण माझंच. त्या खुर्चीवर मीच बसणार असं मी मनाशी धरूनच चाललो होतो. दुसरं होतं कोण?

होता. मॅट्रिक होऊन बोटीवर बॉयलरात कोळसा घालणारा आगवाला म्हणून गेलेला, बंदरोबंदरीचं इंग्रजी बोलणारा, तुमच्यासारखाच मान वाकडी करून हसणारा. एक दिवस आपण स्वयंपाकघरात जेवायला बसलो आहोत. आईनं सरंग्याची मधली तुकडी माझ्या ताटात घालायला उचलली आहे आणि तुम्ही म्हणता, 'ती त्याला राख, तो यायचा हाय.' मी विचारतो, 'आबा, तिकडं मी का नको?' तुम्ही हसता. 'अरे मेल्या, भाट्याच्या खाडीत होडीत बसलास तरी ओकतंस. तू गोऱ्यांपुढं खलाशाचं काय मांडणार?' आई म्हणाली, 'जेवत्या पोराला असं बोलू नये हो.' 'खोटं हाय काय?' म्हणालात. खोटं नव्हतं. म्हणून तर झोंबलं.

मग गावच्या रीतीनं देवळात कौल लावला. गुरवानं देवाच्या अंगावर डावीउजवीकडे कळ्या लावल्या. उजवी पडली तर देवाची राजी, डावी पडली तर नाही. प्रश्न घालायचा मान तुमचा. मी खांबाला टेकून उभा होतो. म्हटलं, निदान देवापुढं तरी दोन नावं निघतील. तुम्ही हात जोडलेत, 'बा म्हाराजा, ह्या टंडेलाच्या पोराला धाडताव, तुझी राजी हाय काय?' सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा!' आणि उजवी कळी टपकन खाली. झालं. माझं नाव निघालंच नाही. देवानं मला नाही म्हटलं असतं तर देवावर रुसलो असतो आणि आठ दिवसांत विसरलो असतो. तुम्ही मला विचारण्याच्याही लायकीचा धरलं नाहीत, ते कसं विसरू? त्याला बोटीपर्यंत पोचवायला सारा गाव पडावात चढला. मी बंदरावर राहिलो. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे हसत होते.

पुढं त्याचा ओव्हरकोटातला फोटो आला, तो तुम्ही ओटीवर लावलात. माझा पदवीचा फोटो आईच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली. मग त्यानं तुम्हाला लोकरी मफलर धाडला. आबा, रत्नागिरीचा वैशाख, अंगावर धोतराशिवाय काही सोसत नाही, आणि तुम्ही गळ्याला मफलर गुंडाळून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवताय! घामानं मान लाल झाली, घामोळं उठलं, तरी काढायला तयार नाही. मी तुम्हाला दिवाळीला चांगला मलमलीचा सदरा आणला होता. तो कुठं गेला, ते विचारत नाही.

मग मंदी आली. बोटी गोदीत बांधून पडल्या, खलाशी घरोघर बसले. तुमचेही पाय गेले होते, ओटीवरच्या बाजेवर पडून असायचात. तिकडून निरोप आला की मुदत भरत आली, आणखी दोन वर्षांचा पगार भरला नाहीत तर खुर्ची जाईल आणि तो परत येईल. मला वाटलं, तुम्ही कोसळाल. तुम्ही उलट म्हणालात, 'खुर्ची गेली तर वायटच. पण तो तरी येईल. हितं माझ्याजवळ बसंल, बोटीवरच्या गोष्टी करू.' आणि आईला हाक मारून त्याच्यासाठी माजघराशेजारची खोली झाडायला सांगितलीत. माझी खोली, आबा.

दुसऱ्या सकाळी मी निघालो. शाळेची रजा टाकली. हातखंब्यावरून लांज्यापर्यंत गेलो, नाट्याला होडीनं गेलो आणि जातायेता दोन्ही वेळा ओकलो. रिकाम्या बसलेल्या खलाशांपुढं उभं राहून असा बोललो, की माझा मलाच अचंबा वाटला. ज्यांच्या घरात भाताची मारामार होती त्यांनी माडावरचे नारळ उतरवून दिले. भरणा झाला. खुर्ची राहिली. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि रडलात. 'तुला मी वळखलंच नाय रे. लय मोठ्या मनाचा निघालास.' मग ओटीवर येईल त्याला तेच सांगत सुटलात. तुम्ही गेलात तोवरचे सगळे दिवस माझे होते. मीच तुम्हाला आंघोळ घातली, मीच पेज भरवली, आणि बोटीवरच्या साऱ्या गोष्टी तुम्ही मला सांगितल्यात. पुढं संस्थेनं पगार आपल्या अंगावर घेतला. आगीपुढच्या कामाचे तास कमी झाले ते त्याच्याच खटपटीनं, हेही मानतो. गाव अजून म्हणतो, सारंगाच्या मुलानं खुर्ची राखली.

राखली, पण कशासाठी, ते कुणाला बोललो नाही. खलाशांसाठी नव्हे, तुमच्या शब्दासाठीही नव्हे. तो तिकडेच राहावा आणि तुमच्या उशाशी मी एकटा असावा, म्हणून राखली. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

परवा तो तिकडेच वारल्याची बातमी आली. गाव हळहळला, देवळापाशी सभा झाली, मलाच बोलायला लावलं. बोललो चांगलं. पण बातमी ऐकल्यावर पहिलं मनात आलं ते हे, की घ्या, पोचला आबांकडं माझ्याआधी. म्हणून हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही. तुमच्या हाती पडलं, तर वाचून दाखवायला तुम्ही ते त्याच्याच हातात द्याल.